पहिल्या अनुमोदनाचा मान

१२ एप्रिल १९७०, सकाळ

जानेवारीपासून आजपर्यंतची पानं कोरी आहेत. लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं. काल घडलं. महापालिकेच्या सभेत मी विभागीय पाणी मंडळावर शहराचा प्रतिनिधी म्हणून निवडून गेलो. बिनविरोध. कांताबाई म्हणाली, दुसऱ्या कोणाले नको असंन. बायकोला पॉलिटिक्स समजत नाही, हे मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच ओळखलं होतं.

मंडळाचं काम मोठं आहे. जिल्ह्यात कुठे पाण्याची टाकी बांधायची, कुठे पाइप टाकायचा, सगळं तिथे ठरतं. यंदा लोखंड आणि सिमेंट एकाच टाकीपुरतं आलंय. एक तर ती लकडगंजमागच्या आमच्या वॉर्डात होणार, नाही तर तिकडे भिवापूरला. सभा ९ मे, सकाळी अकरा, सदर भागातल्या ऑफिसात.

आमच्या वॉर्डात नळ सकाळी पाऊण तास येतो. येतो म्हणजे खोकतो.

उद्यापासून पाचला उठणार. विडी बंद. चहा दोनच वेळा. जबाबदार माणसाचं डोकं स्वच्छ पाहिजे.

१३ एप्रिल, सकाळी ७.४०

उठलो. पाचला जाग आली होती, पण पडून विचार करत होतो. पडून केलेला विचारही विचारच असतो.

१५ एप्रिल

भैय्याजींकडे गेलो. ते आमच्या गटाचे नेते, पंचवीस वर्षं महापालिकेत. मी विचारलं, प्रतिनिधीनं मंडळात मत कसं द्यावं? ते म्हणाले, हात वर करून. मी म्हणालो, तसं नाही, तत्त्व म्हणून विचारतोय. भैय्याजींनी पानाचा डबा बंद केला. म्हणाले, वामनराव, नऊ मेंबर हायेत. चार आपल्याकडचे, चार भिवापूरकडचे. नववा तू. महापालिकेनं ठराव केला हाये, टाकी तुह्या वॉर्डात पाह्यजे. तुह्या वॉर्डालेही तेच पाह्यजे. तुलेही तेच पाह्यजे. मंग इचारून काय राहिला गा?

माणूस मोठा, पण विचाराची झेप कमी. मी टाकीबद्दल विचारतच नव्हतो.

घरी येताना सारखं मनात येत होतं: महापालिकेनं सांगितलं म्हणून मी हात वर केला, तर तो हात कोणाचा? माझा की महापालिकेचा? प्रतिनिधी म्हणजे पोस्टमन आहे का? टालीवर पोचलो तरी उत्तर नाही. (माझी लाकडाची टाल आहे. सागाच्या ओंडक्यांवर बसून विचार चांगला होतो.) गिऱ्हाईक आलं होतं. वाट बघून गेलं.

विडी एक. विचारासाठी.

२० एप्रिल

तुळसाबाई आली. मागच्या वस्तीतल्या बायकांची पुढारी. गिरणीत रीलिंग खात्यात कामाला आहे. छप्पन साली दीक्षा घेतली, मग संध्याकाळच्या वर्गात वाचायला शिकली आणि तेव्हापासून दिसेल तो कागद वाचते. पुडीचाही. मागच्या निवडणुकीत मी सदतीस मतांनी आलो, त्यातली चाळीस तिनं आणली असं लोक म्हणतात. लोकांचं गणित कच्चं.

तिनं सांगितलं की पाण्याच्या रांगेपायी तिची महिन्यात तीनदा गिरणीची पाळी चुकली, आता मुकादम नाव कापायचं म्हणून राहिला. म्हणाली, भाऊ, तुमी तिथं आमच्याकून बोलसान नं?

मी तिला समजावलं की प्रश्न एवढा सोपा नाही. प्रतिनिधी मतदारांचा, की सभागृहाचा, की स्वतःच्या विवेकाचा? तिघं तीन दिशेला ओढू लागले तर?

ती म्हणाली, पन तिघंबी टाकीच मागून राहिले नं?

मी म्हणालो, आज मागताहेत. तत्त्व कायमचं असतं.

ती म्हणाली, मले भाषण नाही पाह्यजे भाऊ, पानी पाह्यजे. आणि गेली. भाषणाची कल्पना मात्र मला तिथेच सुचली.

२१ एप्रिल

भाषणाचं नाव ठरलं: ‘प्रतिनिधीचा हात कोणाचा?’ आजवर या मंडळात असं कोणी बोललं नसेल. कदाचित छापूनही येईल.

पाचला उठायचं सोमवारपासून नक्की.

२७ एप्रिल, सोमवार

अंगाची लाही. उन्हात टालीवर बसवत नाही, घरात वाळ्याच्या ताटीवर मारायला पाणी नाही. ओसरीत येरझारा घातल्या. कांताबाई म्हणाली, एवढं चालून राहिले तर येता येता गांधीबागेच्या बोअरिंगवरून दोन बकेटा आना. माझी तंद्री मोडली. भाषणाचं बारावं पान तसंच अर्धवट.

चहा पाच. उन्हाळ्यात नियम सैल असावेत.

२ मे

महापालिकेच्या सेक्रेटरीकडून जाडजूड पाकीट आलं. सही करून घेतलं. वर लिहिलंय: ‘विभागीय पाणी मंडळ, सभा ९ मे, विषयपत्रिका व सूचना.’

सूचना! म्हणजे मी मत कसं द्यायचं ते आत लिहिलेलं. उघडलं की मी बांधला गेलो. न उघडता गेलो तर मोकळा. एवढी साधी गोष्ट आजवर कोणाच्या लक्षात आली नाही, याचं आश्चर्य वाटतं.

पाकीट कपाटावर ठेवलं. हात दोनदा गेला. दोन्ही वेळा परत घेतला. स्वतःवरचा असा ताबा कमी लोकांत असतो.

५ मे

तुळसाबाई परत. नजर सरळ कपाटावर. म्हणाली, ते मंडळाचं पाकीट नं भाऊ? फोडलं काहून नाही?

मी तिला मोकळ्या मनाचं महत्त्व सांगितलं. ती म्हणाली, तुमचं मन मोकळं राहू द्या, मी वाचतो नं. आना इकडं. मी दिलं नाही. मग तिनं जे म्हटलं ते मला आवडलं नाही, पण रोजनिशीत खरं लिहावं म्हणून लिहितो. म्हणाली, आमच्याकडं कागद नव्हते वाचाले तवा लोकांनं काहीबी सांगून आंगठे घेतले. आता कागद हाये, आन् तुमी वाचून नाही राहिले.

भावनेच्या भरात बोलते. मनाची आहे चांगली.

८ मे

भाषण एकोणीस पानं. आरशासमोर म्हटलं, बेचाळीस मिनिटं. शेवटच्या वाक्याला उजवा हात वर न्यायचा आणि तसाच धरायचा. कांताबाईला ऐकवलं. ती तांदूळ निवडत होती. शेवटी म्हणाली, मंग मत कोनाले देऊन राहिले?

९ मे, सकाळी ८

जाग सव्वाचारला! पाचच्याही आधी. आंघोळ अर्ध्या बकेटीत. पांढरा कोट. विडी तीन, पण आजचा दिवस वेगळा.

९ मे, संध्याकाळी ६

यश. काय काय लिहू?

सदरच्या ऑफिसात पोचलो तर दारातच स्वागत. अध्यक्ष दादाजी, सत्तरीचे, भारी विनयशील. हार, नारळ. मग त्यांनी सांगितलं की या मंडळाची जुनी रीत आहे, नवीन मेंबर आला की सभेतल्या पहिल्या ठरावाचं अनुमोदन त्याच्याकडून घ्यायचं. तो त्याचा मान. सूचक होते भिवापूरचे चंपतराव, डोक्याला फेटा, आवाज खणखणीत. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, साहेब, ठराव वाचला नं तुमी? नाही तर मी दुसऱ्या कोनाले म्हनतो, मान पुढच्या टायमाले घ्या.

वाचला नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मी म्हणालो, पूर्ण.

कारकुनानं वाचलं: विषय क्रमांक एक, विषयपत्रिकेतील पान चार, परिच्छेद ब प्रमाणे मंजूर करण्यात यावे. सूचक चंपतराव. अनुमोदक? मी उठलो. उजवा हात वर नेला. भाषणासाठी तयार केलेला तोच हात, तोच कोन. म्हणालो, शहरातर्फे माझं सहर्ष अनुमोदन.

समोर आमच्याकडचे गोपाळराव बसले होते, ते माझ्याकडे बघतच राहिले. चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. बाकीचे तिघे एकमेकांच्या कानाला लागले. मग ‘वरूनच ठरलं असंन’ असं पुटपुटत त्यांनीही एकेक करून हात वर केले. दादाजी म्हणाले, सर्वानुमते! म्हणाले, शहर आणि खेडं असं एक झालेलं मी आजच पाहतो. चंपतरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. एका अनुमोदनाला एवढा परिणाम.

शेवटी अध्यक्षांच्या परवानगीनं भाषण. बेचाळीसची एकावन्न मिनिटं झाली. गोपाळराव मध्येच निघून गेले. भारावून गेले असावेत. टाळ्या चंपतरावांनी सगळ्यात जास्त वाजवल्या.

फक्त एक. टाकीचा विषय निघालाच नाही. बहुतेक पुढच्या सभेत.

१० मे

भिवापूरहून मिरचीचं पोतं आलं. लालभडक. सोबत चिठ्ठी: ‘आपले उपकार गाव विसरणार नाही. चंपतराव.’ एका भाषणानं लोक असे जोडले जातात. कांताबाईनं विचारलं, भिवापूरवाल्यानं काहून पाठवली? मी म्हणालो, विचारांची कदर. तिनं मूठभर मिरच्या खलबत्त्यात घातल्या. घरभर ठसका. मला प्यायला पाणी पाहिजे होतं. माठ रिकामा.

भैय्याजींचा निरोप होता, येऊन भेट. उद्या जातो. अभिनंदन पळून जात नाही.

११ मे, दुपार

तुळसाबाई टालीवर आली. हातात पेपर. बसा म्हटलं तर बसली नाही. उभ्यानंच वाचून दाखवलं, नेहमीचा गिरणीच्या भोंग्यासारखा आवाज नाही, अगदी हळू: ‘भिवापूरच्या पाण्याच्या टाकीस विभागीय मंडळाची सर्वानुमते मंजुरी. शहराच्या प्रतिनिधींचे अनुमोदन.’ पुढे माझं नाव. नाव बरोबर छापलंय.

मी म्हणालो, पेपरवाल्यांची चूक असेल.

ती म्हणाली, पाकीट आना.

घरी गेलो. ती मागे. कपाटावरून काढलं, मीच फोडलं. पान चार. परिच्छेद अ: लकडगंजमागील वॉर्डात टाकी. परिच्छेद ब: भिवापूर येथे टाकी. शेवटी सेक्रेटरींची सूचना, दोन ओळींची: ‘महापालिकेच्या प्रतिनिधींनी परिच्छेद अ च्या बाजूने मत द्यावे.’ खाली टाइप केलेलं: ‘कृपया विषयपत्रिका सभेपूर्वी वाचावी.’

मी तिला सांगू लागलो की मंडळाची रीत आहे, नव्या मेंबरला मान म्हणून... ती म्हणाली, हो, मान. मग म्हणाली, भिवापूरच्या बायकाबी रांगेतच उभ्या राहत असतीन, त्याईले पानी भेटलं त्याचं वाईट नाही भाऊ. पन आमी तुमाले पाठवलं होतं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी उत्तर दिलं असतं.

लाज वाटली. हे वाक्य खोडणार होतो. राहू दिलं.

११ मे, संध्याकाळ

भैय्याजींनी भेट घेतली नाही. पुढची टाकी कधी, असं गोपाळरावांना विचारलं. लोखंड येईल तेव्हा. लोखंड कधी येईल? त्यांनी चष्मा काढून पुसला.

फेरविचाराचा अर्ज लिहायला घेतला. पहिल्या पानावर ‘प्रतिनिधीचे कर्तव्य’ असं मथळ्यात आलं. फाडला.

१२ मे, सकाळ

पाचला उठलो. विडी नाही, चहा नाही. चहाला पाणी नव्हतं.

कांताबाईनं हातात बकेट दिली आणि नळाकडे बोट दाखवलं. लग्नानंतर पहिल्यांदा. रांगेत तीसेक बायका, पाण्याचे पितळी गुंड, कळश्या, तेलाचे डबे. मी शेवटी उभा राहायला गेलो. तुळसाबाईनं पाहिलं. तिची पाळी सातची, नंबर चौथा. ती पुढच्या तिघींना म्हणाली, सरका वं, भाऊ नवीन हायेत रांगेत. आपलीबी रीत हाये. पह्यला मान त्याईचा.

कोणी हसलं नाही. सगळ्या सरकल्या. मी नको नको म्हणत होतो, तोवर माझी बकेट नळाखाली गेलीही होती. नळ खोकला. पाणी आलं. तीन गडवे आलं असेल, मग हवा आली, मग काहीच नाही. वरून लाइन बंद झाली होती. बायकांनी आपापले रिकामे गुंड उचलले. तुळसाबाईनं गिरणीच्या भोंग्याच्या दिशेनं बघितलं आणि गुंड कमरेला लावून तशीच चालू लागली.

मी पाणी तिच्या गुंडात ओतायला मागे गेलो. ती म्हणाली, राहू द्या भाऊ, सांडन.

घरी आलो. कांताबाईनं बकेटीत वाकून बघितलं. एवढंच काहून, म्हणाली.

मी ते माठात ओतलं. आज भाषण तयार नव्हतं.