बशीतले हृदय आणि येळवस

११ डिसें., गुरु.
प्रातःकाळी पुण्याहून कन्येचा दूरध्वनी. मुक्ताने आज मूलपेशींना पहिले औषध दिले. खेप तिसरी. मूलपेशी म्हणजे ज्यांचे पुढे काय व्हायचे ते अद्याप ठरलेले नाही अशा. माझ्या दहावीच्या संस्कृतच्या वर्गासारख्या. योग्य औषध योग्य समयी लाभल्यास त्यांचे हृदयस्नायू होतात आणि बशीतच स्पंदू लागतात. मागील दोन्ही खेपांस नुसत्या पसरून राहिल्या. (वर्गाशी साम्य इथेही अबाधित.) तिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक वदले : या खेपेस न स्पंदल्या तर विषय बदला. म्हणजे चार वर्षे जलार्पण.

१३, शनि.
दुसरे औषध दिले. स्पंदन झालेच तर पहिल्या औषधानंतर आठ दिवसांनी. म्हणजे शुक्रवारी. शुक्रवारी येळवस, सहकुटुंब शेतात पूजा-पंक्तीची वेळ अमावस्या! रोज पेशींचे खाद्य बदलावे लागते, सबब मु. येणार नाही. हे सौ.स मी सांगावे असा कन्येचा आदेश. पंचांग पाहण्याच्या मिषाने अंतर्धान पावलो.

१४, रवि.
सांगितले. सौ.नी थेट पुणे लावले. "समद्यांच्या लेकी येळवसला शेतात येतेत अन् तुलाच सवड न्हाय? एक दिस उपाशी राहिल्या तर काय हंबरायल्यात का तुझ्या पेशी?"
मु. : "आई, तू म्हैस उपाशी ठेवून शेतात जातीस का गं?"
सौ. फोन ठेवून म्हशीच्या वैरणीकडे वळल्या. एकोणतीस वर्षांच्या सहजीवनात प्रथमच माघारीचे दर्शन. टाळी मनातच वाजवली. हात सदऱ्याच्या खिशात सुरक्षित.

१७, बुध.
पेशी जिवंत, परंतु निश्चल. मु.चा स्वर क्षीण. न विचारताच म्हणाली, "पप्पा, जेवले हं मी." म्हणजे जेवलेली नाही. धैर्यावर एक सुभाषित जिव्हाग्री सिद्ध होते. गिळले.

१९, शुक्र. येळवस.
कडब्याची खोपटी म्हणजे कोप, तीत पांडवपूजा, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकाची आंबील. उदरयज्ञ यथासांग, तदनंतर बाभळीच्या छायेत समाधी. हरभरा उत्तम. शेजारच्या रानातले अंकुशराव पंक्तीस होते. कन्येच्या अनुपस्थितीचे कारण मी सविस्तर निरूपिले. (अतिशयोक्ती अलंकार किंचित.)
अंकुशराव : "मग सर, एक हृदय आमच्या म्हाताऱ्यासाठी सांगून ठेवा की. लई दम लागायलाय त्याला."
सौ. : "भाऊजी, आधी ते हलू तर द्या."
सर्व हसले. सौ. हसल्या नाहीत. मावळतीस फोन : अजून काही नाही.

२०, शनि.
चित्रफीत आली! बारा सेकंद. बशीचा एक कोपरा आक्रसतो, सैल होतो, पुन्हा आक्रसतो. सात वेळा पाहिली. आठव्यांदा चष्मा पुसावा लागला, धूळ फार. मु. एकाच वेळी हसत आणि रडत होती. "पण सर म्हणतेत, एका कोपऱ्यावर भागत नाही. सगळा थर हलला पाहिजे. बुधवारी बघून ठरवू."
सौ.नी चित्रफीत एकदाच पाहिली आणि डबे काढले. उरलेली भज्जी, उंडे, आंबील बरणीत. "फोनात काय कळतंय? मीच जाऊन बघते." मु.ने सरांची अनुज्ञा मिळवली.

२१, रवि.
सौ. पहाटेच्या एस.टी.ने पुण्यास रवाना. दोहनकर्म अस्मादिकांकडे. म्हशीने माझ्या पांडित्याची दखल घेतली नाही.
दुपारी मु.चा फोन. आईला ॲप्रन घालून सूक्ष्मदर्शकापाशी बसवले आहे. फोन आईच्या कानाशी धरते, म्हणाली.
मी : "काय दिसते? कोपराच, की अधिक काही?"
धीर न धरवून लगेच पुन्हा विचारले :
"अहो, सगळा थर हलतो की नाही?"
"गप बसा जरा. ठोके मोजायलेय मी."