कठड्यावरचा दगड

प्रिय रंगनाथराव,

आज खुलताबादचा घाट चढताना मधेच सायकलवरून उतरलो, आणि हे ऐकून हसेल असं माणूस शहरात उरलं नाही. म्हणून लिहितो. घरी सांगून पाहिलं. मुलगा म्हणाला, "बाबा, बसनं का जात नाही?" त्याचं तर्कशास्त्र निर्दोष आहे.

तुम्ही गेलात त्यानंतर एका रविवारी ठरवलं होतं, आज तुमच्या नावानं सायकलवरून न उतरता घाट चढायचा. घाटातल्या दगडी दरवाज्यापाशीच छाती भात्यासारखी वाजायला लागली. तिथं उभा राहून "धिक् माम्" म्हणालो. स्वतःला संस्कृतात शिवी दिली की ती सुभाषित वाटते, एवढाच फायदा. परत आलो आणि सायकल जिन्याखाली ठेवली ती ठेवलीच.

तुमच्यापुढं ही सोय नव्हती. पहिल्यांदा दमून उतरलो तेव्हा मान खाली घालून उभा होतो, आठवतं? तुमच्या वडिलांनी पोलीस ॲक्शननंतर घेतलेली ती काळी, जडशीळ सायकल वळवून तुम्ही परत आलात.

"काय झालं, पंडितजी?"

"जमत नाही मला."

"मग थांबा की. आमचा बाप नांगरताना बैल दमला की तिथंच नांगर सोडायचा. पाठीवर हात फिरवायचा, सकाळी तिथूनच फुडं. तुम्ही बैल असता तर लई लाड झाले असते तुमचे."

आणि मी उतरलो होतो तिथं कठड्यावर एक दगड ठेवलात. "फुडच्या रविवारी ह्याच्या फुडं एक झाड. बस."

मग आपली प्रगती अशी झाडाझाडानं झाली. उरलेला चढ मी सायकल ढकलत यायचो, तुम्ही वर पेरू खात बसलेले. माझ्यासाठी अर्धा ठेवता असं वहिनींना सांगायचात. रंगनाथराव, तो अर्धा मी एकदाही पाहिला नाही.

परवा वहिनी गुलमंडीत भेटल्या. म्हणाल्या, "भाऊजी, रविवारची तुमची घंटी ऐकू येत नाय. घाट नका चढू, पण गल्लीतून तरी जा."

आज गेलो. दारापुढं घंटी वाजवली. वहिनींनी खिडकीतून हात केला. "आलो, आलो" करत, पायजम्याला क्लिप लावत कोणी बाहेर आलं नाही. तिथून गल्लीच्या टोकापर्यंतचा रस्ता अगदी सपाट आहे. घाट त्यापेक्षा सोपा.

घाटातल्या त्या दगडी दरवाज्याच्या थोडं पुढं दम लागला. ओठांवर संस्कृत आलं होतं, गिळलं. उतरलो. स्वतःच्या पाठीवर हात पोचत नाही, म्हणून सीटवरून फिरवला. कठड्यावर दगड ठेवला. इतक्या अलीकडे, की तुम्ही असतात तर वर्षभर चिडवलं असतंत. कोणी चिडवलं नाही. तेवढंच जड गेलं.

मग सायकल ढकलत वर गेलो. तुम्ही माझ्यासाठी शेवटचा ठेवलेला दगड अजून कठड्यावर आहे. उचलून हातात घ्यावासा वाटला. नाही घेतला.

पुढच्या रविवारी घंटी वाजेल. माझ्या दगडापुढं एक झाड, तेही जमलं तर. नाही जमलं तर तिथंच थांबेन आणि स्वतःला बैलाइतपत तरी बरं वागवीन, हा शब्द देतो. असाच कधीतरी तुमच्या दगडापाशी येईन आणि माझा त्याच्याशेजारी ठेवीन. वेळ लागेल. तुम्हाला तरी आता कुठं घाई आहे?

तुमचा, अजून बराच खाली असलेला,
पंडित