होय म्हाराजा, प्रोजेक्टर आला

१८ जून २००७
प्रोजेक्टर आला! सोबत लॅपटॉप आणि कॅमेरा. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाची भेट. आमच्या भिकाजी शिपायाने लगेच नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं — "बा देवा म्हाराजा, ह्या यंत्राक उंदीर लागा नये, लायटीची बाधा होव नये..." मागून माझी अख्खी सातवी — "होय म्हाराजा!" मी पक्का नास्तिक, पण वीज मंडळापुढे देवाशिवाय कोण उभं राहणार? गाऱ्हाणं संपलं आणि लाइट गेली.

२५ जून
ओरोसला प्रशिक्षण. शिकवायला योगिनीबाई, माझ्या मुलीच्या वयाच्या. "सर, मुलांचं शिकणं दिसलं पाहिजे." शिकणं म्हणजे काय कपाळावरचं गंध आहे, दिसायला? उठलोच मी. खडू, जीभ आणि पुस्तक, एवढ्यावर पिढ्या उभ्या राहिल्या, असं खणखणीत सुनावलं. टाळ्या! बाई म्हणाल्या, "छान. आता माउस धरा." पडद्यावरचा बाण वर जाईना म्हणून मी माउस हवेत उचलला. टाळ्या पुन्हा पडल्या.

४ जुलै
ग्लेनिशाची आई फ्रान्सिस्का शाळेत आली. "सर, तिका मडगावाक धाडतंय. माझ्या भयणीचां बाळातपण आसा. पोराक बघूक कोणतरी व्हया."
आणि शाळा? "ती मगे बघूया."
सातवीतली पोर! मी पेटलो. 'मुलींचं शिक्षण' या विषयावर मी जिल्ह्यात वक्तृत्वाच्या दोन ढाली मारल्यात. दोन्ही आईच्या डोक्यावर आपटल्या. बाई प्रत्येक वाक्याला "होय सर, होय सर." शेवटी पदराने डोळे टिपले. जिंकलो!

९ जुलै
योगिनीबाईंचा गृहपाठ — स्वतःचा एक तास कॅमेऱ्यात धरा आणि बघा. आनंदाने! कॅमेरा कपाटावर ठेवला आणि मराठ्यांच्या आरमारावर बोललो. असा बोललो की सहावीची पोरं खिडकीला लटकली.

१० जुलै
बघितलं. भिंतीवर एक म्हातारा ओरडतोय. मधेच "समजलं?" — "होय सर!" पुन्हा ओरडतोय. "पटलं?" — "होय सर!" प्रितेश पेन्सिलीने कान कोरतोय आणि होय म्हणतोय. ग्लेनिशा खिडकीबाहेर बघतेय, नुसते ओठ हलतायत.
अरे, हे तर गाऱ्हाणं! इतकी वर्षं मी तास घेतोय असं समजत होतो.
जेवलो नाही धड.

११ जुलै
खोडी काढायची ठरवली. छाती पुढे काढून गरजलो — "रेडी बंदर आंबोलीच्या घाटमाथ्यावर आहे! जहाजं दरीतून वर चढतात! समजलं?"
"होय सर!"
प्रितेशचा सख्खा मामा रेडीच्या बंदरात कामाला. तोही होय सर! तास सुटल्यावर धरलं त्याला. का रे बाबा? मान खाली घालून म्हणाला, "तुमी जोरान सांगलात, सर. जोरान सांगलां की होय म्हणाचां."
यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं.

१६ जुलै
अहंकार गिळून योगिनीबाईंना फोन केला. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "तोंडी उत्तर बंद करा, सर. सगळ्यांची उत्तरं एकदम समोर येऊ देत."
पहिलीच्या वर्गातून पाट्या उसन्या आणल्या. मी प्रश्न विचारायचा. कुणी बोलायचं नाही. लिहायचं, पाटी तोंडापुढे उंच धरायची. मी फोटो काढून सगळ्या पाट्या भिंतीवर मोठ्या करायच्या. कोणाची कुठली, विचारायचं नाही.
"आरमार कशाला उभारलं?" एका पाटीवर — मासे पकडूक. बऱ्याच पाट्यांवर — माहीत नाय.
माहीत नाय! नोकरीत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी खरं बोललं. पुन्हा शिकवलं. हळू. तीन-चारदा पाट्या वर झाल्या तेव्हा कुठे मासे समुद्रात परत गेले.

२३ जुलै
हल्ली घसा बसत नाही. भिकाजी काळजीने विचारतो, "सर, बरां नाय काय?"

३० जुलै
फ्रान्सिस्का परत आली. हातात ग्लेनिशाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज. शाळेच्या मोठ्या बाई उद्या सही करणार.
"अहो, पण तुम्ही त्या दिवशी होय म्हणालात!"
"तुमी बोलत होतात, सर. बोलणाऱ्या माणसाक मधीच नाय कसां म्हणू?"
म्हणजे ढाली दोन्ही फुकट.
"आणि पोरगी काय म्हणते?"
"तिका इचारलां मा. होय म्हणता."
ग्लेनिशाला बोलावलं. आईने विचारलं, "जातलंस मा गो?" पोरगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "होय." तसेच ओठ! भाषण अगदी जिभेच्या टोकावर आलं. गिळलं. फ्रान्सिस्काला एवढंच म्हणालो, सही व्हायच्या आधी उद्या आमच्या प्रोजेक्टरच्या खोलीत या.

३१ जुलै
आई बाकावर. ग्लेनिशाला पाटी दिली, आईचाच प्रश्न पुन्हा विचारला आणि पाठ फिरवली. वळलो तेव्हा पाटी वर होती. फोटो काढला. भिंतभर अक्षर — नाय.
फ्रान्सिस्का किती वेळ बघत होती. मग अर्जाची घडी करून पिशवीत घातली आणि माझ्यावरच डाफरली, "सर, आता तुमी काय एक बोला नको!"
मी बोललोच नव्हतो.