बोदलकशाचा स्पंज

४ एप्रिल
पोचले बाई एकदाची बोदलकशाला! यादोराव आणि जमुनाबाईंच्या घरातली मागची खोली मिळाली. जमुनाबाईंनी बघताक्षणी मला काडीपैलवान ठरवलं आणि ताटात भाताचा ढीग वाढला. स्वतः घासभरच खाल्ला. शुगर आहे. धानाच्या गावात राहून भाताला मुकायचं, शिक्षाच की!

६ एप्रिल
तलावाचं पाणी उतरलंय. बुडालेल्या खोडांवर हिरवट स्पंज भरपूर आहे. समुद्री स्पंजातल्या औषधी द्रव्यांवर जगभर काम चालतं. आमची लॅब गोड्या पाण्यातला तपासतेय. पोटात भाताची साखर करणाऱ्या एन्झाइमला तो अडवतो, असा आमचा कयास. जमलं तर जमुनाबाईंसारख्यांचं कल्याण. स्पंज कुस्करून फडक्यातून गाळला आणि ते पाणी मडक्यात घालून थंडाव्याला स्वयंपाकघरात ठेवलं.

९ एप्रिल
माझी अक्कल कुठं चरायला गेली होती? इकडे रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवतात आणि सकाळी ते पितात. जमुनाबाई रोज माझं मडकं भाताचं पाणी समजून पीत होत्या! आधी ओरडले, मग रडूच आलं. त्या म्हणाल्या, "काऊन रडून राहिली, दामिनी? पोटभर भात खाल्ला, तरी शुगर नाई वाढली." शुगरच्या मशीनवर पाहिलं. खरंच नव्हती वाढली. दवाखान्यात चला म्हटलं, तर ऐकतील तर शपथ.

१२ एप्रिल
मडकं घासलं तरी बुडाशी पुन्हा हिरवा थर. गाळलेल्या स्पंजाच्या पेशी एकमेकींना शोधून परत जुळतात. पोटातही जुळत असतील तर? जमुनाबाई घागर तोंडाला लावतात ती रिकामी होईस्तोवर. यादोराव म्हणतात, उन्हाचं आहे. मला धड झोप नाही.

१४ एप्रिल
त्यांच्या जिभेवर स्पंजासारखी बारीक छिद्रं. उघडतात, मिटतात — तिरोड्याहून गाडी बोलावली. ती यायच्या आत जमुनाबाई घरातून —

तलावात सापडल्या. गळ्यापर्यंत पाण्यात, खोडाला टेकून. यादोराव काठावरून हाका मारत होते. मी हात धरून ओढलं. त्यांच्या कातडीतून पाणी आत शिरत होतं, माझ्या बोटांना कळत होतं — "मले अठीच पाण्यात बरं लागते," एवढंच बोलल्या. माझा हात सुटेना. हिसडा मारला तेव्हा त्यांची कातडी माझ्या तळव्याला —

१५ एप्रिल
तळवा हिरवा. घासला. पुन्हा हिरवा.

बादली प्याले. दुसरीही. भीती वाटतेय, खूप.

गाडी अजून दारात आहे. यादोराव म्हणतात, तू तरी वाच. जाते. जायचंच आहे. आधी तलावावर — जमुनाबाई अजून खोडालाच चिकटून, एकट्या आहेत — नुसते पाय भिजवून लगेच