हिला गाडी लागते म्हणून

३ नोव्हें., सोम.
यांचं रजिस्टर आज पुरं झालं. पाटबंधारे खात्यातून रिटायर होताना आणलेलं, जाड पुठ्ठ्याचं. वर लाल शाईत ‘सागरी मार्ग प्रवास (प्रस्तावित)’. आत रकाने: थांबा, पोचणे, निघणे, प्रेक्षणीय, शेरा. रेवदंडा, काशीद, मुरूड, तिथून बोटीने दिघी, मग श्रीवर्धन, असं करत पार जयगडपर्यंत. अकरा थांबे. येताना महाड, चवदार तळं. हे लिहायला दोन वर्षं लागली. तेवढीच वर्षं गाडी खाली उभी आहे. सेकंडहँड, पण रोज पुसलेली.
संध्याकाळी मोरेभाऊजींशी फोनवर बोलत होते. ऑफिसातले मित्र. मी किचनमध्ये.
“कधीच गेलो असतो रे. हिला गाडी लागते ना. हिच्यामुळे राहिलं.”
भाजी करपली.

४ नोव्हें., मंगळ.
खोटं नाही म्हणा ते. लग्न होऊन इगतपुरीहून डोंबिवलीला येताना, कसारा घाटात, सासूबाईंच्या नव्या साडीवर... त्यानंतर एकतीस वर्षांत ट्रेन सोडून कशानेही कुठे गेलो नाही. लेकीच्या, प्रज्ञाच्या लग्नाचा हॉलसुद्धा स्टेशनपासून चालत जाता येईल असा शोधलेला. यांच्या गाडीत एकदाच बसले, मानपाड्याच्या पेट्रोल पंपापर्यंत. तेवढ्यात पिशवी लागली.
पण “हिच्यामुळे राहिलं” हे दिवसभर कानात.
दुपारी कोपरीला ताईला फोन. मोठी बहीण असून तिला माझी दया येत नाही. म्हणाली, “मग सवय कर की. पोहायला शिकतात तसं.”
शुक्रवारी इथली लाइट जाते, माझ्या शिवणक्लासला सुट्टी. दर शुक्रवारी कल्याणहून एस.टी. पकडायची, जमेल तेवढं लांब जायचं, परत यायचं. घरी सांगायचं, ताईकडे चाललेय.

७ नोव्हें., शुक्र.
कल्याण-मुरबाड बस. सपाट रस्ता, घाट नाही, वळणं नाहीत. लिंबू, आवळासुपारी, चार पिशव्या.
म्हारळच्या आत गाडी लागली. (दरवेळी एवढं लिहायचा कंटाळा. यापुढे ग.ला.)
उतरले, रिक्षाने परत. रिक्षातही ग.ला.

१४ नोव्हें., शुक्र.
रायत्याच्या पुलापर्यंत तग धरला. पुलावर ग.ला.
कंडक्टर बाई आहे, वैशाली नाव. मागच्या वेळचीच. म्हणाली, “काकू, पुढच्या सीटवर बसा. आणि मोबाइल आत ठेवा. लांबचा डोंगर धरून बसायचा.”
घरी वेगळाच घोळ. यांनी मला फोन केला, लागला नाही, म्हणून ताईला केला. ताई गडबडून म्हणाली, बाथरूममध्ये आहे. तासाभराने परत केला. परत बाथरूममध्ये. तिसऱ्यांदाही तेच. ताईला दुसरं काही सुचेना.
घरी आले तर यांनी मऊ भात लावून ठेवलेला. वर तूप, मीठ, लिंबू. “पोटाला आराम दे,” म्हणाले. पोटात आधीच काही राहिलं नव्हतं, दोन वेळा वाढून घेतला. वाईट वाटलं. पण सांगितलं नाही.

२१ नोव्हें., शुक्र.
मुरबाड! पोचले. काही नाही झालं. आनंदाच्या भरात स्टँडवर भजी खाल्ली. येताना ग.ला. भजी बंद.

२८ नोव्हें., शुक्र.
टोकावड्यापर्यंत जाऊन आले. जाताना नाही, येतानाही नाही.
वैशालीने शेवटी विचारलंच, “काकू, तुम्ही दर शुक्रवारी येता, उतरता आणि त्याच पावली परत निघता. आहे कोण तिकडे?”
खरं सांगून टाकलं. तिने ते ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर दुधाचे रिकामे कॅन घेतलेले बाबा होते, त्यांनी ऐकलं. टोकावडं येईपर्यंत अर्ध्या बसला माहीत. बाबांनी ओवा दिला. एक बाई म्हणाली, तिच्या जावेला विमान लागतं. ड्रायव्हर म्हणे, “पुढच्या शुक्रवारी घाट चढवतो तुम्हाला. एकही ब्रेक कचकन नाही मारणार.”
घरातल्या माणसाला सोडून सगळ्यांना सांगून झालंय.

५ डिसें., शुक्र.
माळशेज.
सकाळपासून फक्त दोन खारी. बस घाटाला लागली तेव्हा पिशवी उघडून हातात. वैशाली तिकिटं संपवून शेजारी येऊन बसली. वळण, वळण, बोगदा, वळण.
नाही लागली.
घाटमाथ्यावर उतरले. बस पुढे गेली, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. टपरीवर चहा घेतला आणि कठड्याशी उभी राहिले. धबधबे आटलेले, गवत पिवळं, खाली दरीत कुठेतरी बैलाची घंटा. आत्तापर्यंत घाट म्हणजे मला पिशवीचा तळ. वर काय असतं ते सत्तावन्नाव्या वर्षी बघितलं.
जरा रडू आलं. टपरीवाल्याला वाटलं चहा कडक झाला. त्याने साखर आणून दिली.

६ डिसें., शनि.
दादरला जाऊन आलो. रांगेत पाच तास. आमच्या पुढे नांदेडचे एक गुरुजी. यांनी त्यांना अख्खा सागरी मार्ग सांगितला, थांब्यांसकट. गुरुजींनी विचारलं, “मग कधी निघताय?”
“हिला गाडी लागते हो,” हे म्हणाले.
गुरुजींनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघतात तसं बघितलं. ती जागा भांडायची नव्हे.

७ डिसें., रवि.
पोह्यांबरोबर सांगितलं. म्हारळपासून माळशेजपर्यंत सगळं. ताईचं बाथरूमही.
हे म्हणाले, “छान.” मग, “एकटी गेलीस?” मग बराच वेळ पोहे.
मला वाटलेलं उठून रजिस्टर आणतील. आणलं, पण शेऱ्यात लिहिलं: ‘टायर तपासून घेणे.’
“कधी जायचं?” मी.
“आता थंडी आहे. किनाऱ्याला धुकं असतं.”

१० डिसें., बुध.
धुकं नसतं. प्रज्ञाने पुण्याहून मोबाइलवर बघून सांगितलं. मग म्हणाले, नाताळात गर्दी. मग, बोटींचं वेळापत्रक खात्रीचं नाही. मग, घराची किल्ली कोणाकडे ठेवायची?
दोन वर्षं ज्या माणसाने काशीदला सूर्य किती वाजता मावळतो ते लिहून ठेवलंय, तो माणूस किल्लीवर अडला.

१३ डिसें., शनि.
बिल्डिंगला रंग काढतायत, गाड्या हलवायच्या होत्या. हे बाहेर गेलेले. वॉचमन यादवला म्हटलं, साहेब आले की काढतील.
“साहेब?” तो हसला. “काकी, साहेब मानपाड्याहून पेट्रोल भरून आले की गेटवर उतरतात. गाडी मागे मीच घालतो. दोन साल हो गया.”
वर येऊन रजिस्टर काढलं. मी आजवर प्रेक्षणीयचा रकानाच वाचत आलेले. शेऱ्याच्या रकान्यात, जिथे जिथे गाडी बोटीवर चढवायची आहे तिथे, पेन्सिलने बारीक अक्षरात: ‘उलट घालावी लागते.’ चार ठिकाणी. दिघीच्या बोटीपुढे दोनदा अधोरेखित.
रिव्हर्स येत नाही यांना.

१४ डिसें., रवि.
“मला गाडी लागते हे अख्ख्या जगाला माहीत आहे. तुमचं काय ते सांगा,” म्हटलं.
आधी म्हणाले, येतं की. मग म्हणाले, आरशात सगळं उलटं दिसतं. मग खाली बघून, “अगं, ऑफिसात बावीस माणसं माझ्या सहीसाठी थांबायची. तिथे जेट्टीवर मागे लाइन लागते, बोटीवरचे सगळे बघत असतात. दोन्ही बाजूंना पाणी. गाडी अडकली तर?”
“तर अडकली. पण माझं नाव का सांगत फिरलात?”
“तू चिडणार नाहीस असं वाटलं.”
हे ऐकून मात्र चिडले. एकतीस वर्षं मला स्वतःचीच लाज वाटत आलीय. त्यातली दोन वर्षं फुकट.

१६ डिसें., मंगळ.
बोलत नाही. जेवण वाढते, बोलत नाही.

१७ डिसें., बुध.
यांनी आपणहून मोरेभाऊजींना फोन लावला, माझ्यासमोर, स्पीकरवर. घसा साफ केला. “मोरे, ते हिच्यामुळे राहिलं म्हणालो होतो ना, ते तसं नाही.”
“मग कोणामुळे?”
यांनी रजिस्टरचा पुठ्ठा हाताने पुसला. मग म्हणाले, “रजिस्टर अपूर्ण होतं.”
अर्धंच सांगितलं. पण सरकारी माणसाकडून तेवढंही खूप. रात्रीची भाजी त्यांच्या आवडीची केली, कारली.

१९ डिसें., शुक्र.
एम.आय.डी.सी. बंद, रस्ता रिकामा. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवून त्यांच्यामधून गाडी उलट घालायची. एक खुर्ची गेली.

२६ डिसें., शुक्र.
खुर्ची शाबूत. गाडी मात्र आडवी. हे म्हणाले, “बोट थोडी रुंद असते.”

९ जाने., शुक्र.
पाचातून तीनदा सरळ. तीनदा म्हणजे पास, असं मी म्हटलं. मंगळवारी निघायचं. यांनी ‘प्रस्तावित’ खोडलं. त्याजागी काही लिहिलं नाही.

१३ जाने., मंगळ. मुरूड
सकाळी सहाला निघालो. शिळफाटा, पनवेल, पेण. हे तीसच्या वर जात नाहीत. मागून ट्रकवाले काय काय बोलून गेले, ते रजिस्टरमध्ये नाही.
पेणनंतर लांबचा डोंगर धरला. कार्लेखिंडीत ग.ला.
बसमध्ये नाही लागत. यांच्या गाडीत लागते. दर वळणाला आधी ब्रेक, मग विचार, मग परत ब्रेक.
गाडी कडेला घेतली, मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मग अगदी हळू म्हणाले, “परत फिरू या का? बघ. तुझी तब्येत महत्त्वाची.”
मी वर बघितलं. चेहऱ्यावर एवढी आशा मी प्रज्ञाच्या रिझल्टच्या दिवशीही नव्हती पाहिली.
तोंड पुसलं. “पुढे चला. आणि वळणावर ब्रेक मारायचा तर एकदाच मारा.”
पुढे नाही लागली.
रेवदंड्याला बारा मिनिटं, कारण रजिस्टरमध्ये बारा. किल्ल्याची भिंत बघत होते, तेवढ्यात “चल, निघणे अकरा पन्नास.” काशीदला मात्र रजिस्टर गाडीत विसरले. वाळूत बसून राहिलो. यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पायांना उन्हाचा कधी स्पर्श नाही, पिठासारखे पांढरे. एक तास चाळीस मिनिटं उशीर झाला. शेऱ्यात नोंद नाही.

१४ जाने., बुध. आगरदांडा जेट्टी
दिघीला जायची बोट इथून. हे रात्रभर कूस बदलत होते. सकाळी नाश्ता नको म्हणाले, ‘लागेल’ म्हणून. यांना!
आल्यापासून दोन बोटी सोडल्या. हे जेट्टीवर उभे राहून दुसऱ्यांच्या गाड्या उलट जाताना बघतायत, मान डावीकडे, मान उजवीकडे. एका बाईने मुंबईची मोठी गाडी एका झटक्यात घातली, त्यानंतर दहा मिनिटं समुद्राकडे बघत होते.
तिसरी बोट लागली. जेट्टीवरचा माणूस आला, केस पिकलेला, शिट्टी गळ्यात. “साहेब, किल्ली द्या, मी लावतो. बरेच जण देतात.”
यांनी किल्ली हातात धरली. माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बघत राहिले. नाही म्हणायचं नव्हतं, हो पण म्हणायचं नव्हतं. पलीकडे दिघीचे डोंगर स्वच्छ दिसत होते.
“तू उतर,” हे म्हणाले.
“का?”
“तू आत असलीस की मला मागचं दिसत नाही.”
उतरले. पर्स, पिशव्या, ही वही. त्या माणसाने शिट्टी तोंडात घातली, पण अजून वाजवत नाहीये. मागे चार गाड्या, एक टेम्पो. टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून आहे. उभ्याउभ्या लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येतंय.
गाडीचा मागचा, रिव्हर्सचा पांढरा दिवा लागला.
अजून हललेली नाही.