पाय पुसून येणारा खुनी

ब्रॅकर्स मिल, पेनसिल्व्हेनिया
सोमवार, दुपार

लॉरेटाताईस धाकट्या वेंडेलचा नमस्कार.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे तुझ्या सुनेने टाकलेल्या फोटोवरून समजलं. (फोटोत गुडघा नव्हता, पण तू उभी होतीस, त्यावरून ताडलं.) ॲरिझोनाचं ऊन मानवतंय ना? इकडे सगळं ठीक. रक्तदाब आहे, पण तो आता घरचाच झालाय. दोन वर्षांपूर्वी माझी जॉइस गेली, तेव्हापासून घरात मी आणि तो, असे दोघंच असतो. सहा वर्षांनी माझं पत्र बघून तुला वाटलं असेल, की आता कोण गेलं? कुणी गेलेलं नाही. जायला इथे उरलंय कोण?

पत्रास कारण, मला आपलं पोतं हवंय. तेच, बटाट्याचं, डोळ्यांना दोन भोकं पाडलेलं. ‘पोत्यातला पाहुणा’ हा आपला सिनेमा विसरली नाहीस ना? गालिच्यांच्या दुकानातल्या चेटने एक भाड्याचा कॅमेरा आणला, आपल्या घरात अकरा दिवस तळ ठोकला आणि नऊ माणसं मारली. (कलाकार सातच होते. दोघी टोप बदलून पुन्हा मेल्या.) मक्याच्या पाकात लाल रंग घालून केलेलं ते रक्त, त्याला लागलेल्या मुंग्या, आणि दुपारी गळा चिरलेली सगळी मंडळी ओळीने बसून आईच्या हातचं कोबीचं सूप ओरपतायत, हे सगळं मला परवाचं वाटतं. कॅमेऱ्याची सावली भिंतीवर पडलेली दिसते, एक प्रेत चक्क शिंकतं. असा भिकार सिनेमा शोधून सापडायचा नाही, आणि मी तो रोज संध्याकाळी बघतो. सुपाचा डबा उघडायचा, अर्धा खायचा, आणि खुर्चीत बसून आपलं जुनं स्वयंपाकघर बघायचं. बावन्नाव्या मिनिटाला आई चुकून धुण्याची टोपली घेऊन मागून जाते. तिथे मी थांबवतो.

तर गेल्या महिन्यात महामार्गावरच्या मोटेलच्या हॉलमध्ये असल्या सिनेमांच्या वेड्यांचा मेळावा भरला, आणि त्यांनी मला बोलावलं! टेबल, खुर्ची, ‘मूळ खुनी’ अशी पाटी. एका बाजूला कवट्यांच्या आकाराचे साबण विकणारी बाई, दुसऱ्या बाजूला कुणीच नाही. रिवाज असा, की आपण पोतं घालून बसायचं, आणि माणसं येऊन म्हणणार, “काका, जरा गळा दाबा ना.” मग आपण हलकेच दाबायचा, त्यांनी फोटो काढायचा. ताई, तुला खोटं वाटेल, पण दोन वर्षांत मला इतक्या माणसांचा हात लागला नव्हता. एका म्हातारीने तर दोनदा दाबून घेतला.

मग आली कॅसिडी. नर्स आहे, आणि दंडावर आपलं पोतं गोंदवलंय. तिने सोबत पायपुसणं आणलं होतं. म्हणाली, “आजोबा, ते पाय पुसून दाखवा.” कारण तुला ठाऊक नसेल, पण अख्ख्या सिनेमात या लोकांचा जीव त्या एका जागेवर आहे. खुनी हातात कोयता घेऊन दारात येतो, थांबतो, बूट पुसतो आणि मग आत जाऊन मारतो. का पुसतो? एका प्राध्यापकाने त्यावर चाळीस पानं लिहिली आहेत. (त्यात आपल्या आईचं नाव कुठेही नाही.)

रोज बघत असलो तरी त्या बुटांकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं; उठलो आणि पुसले. कॅसिडी म्हणाली, “असं नाही हो. उजवा तीनदा, डावा एकदा, मग वाकून पायपुसणं सरळ करतो. तुम्ही काय चिखल झाडताय?” मागून एकजण ओरडला, “तोतया आहे हा!” त्या पोरीचा चेहरा एवढासा झाला. म्हणाली, “माझा नवरा सोडून गेला ना, त्या हिवाळ्यात मी हाच लावून बसायचे. मोठ्या सिनेमातली घरं कशी चकचकीत! ह्यातल्या सोफ्याला माझ्यासारखंच ठिगळ आहे. आणि मारायला आलेला माणूससुद्धा पाय पुसून येतो. आमच्या ह्यांनी कधी पुसले नाहीत.”

मग माझ्याने राहवेना. पोतं काढलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की तो मी नव्हेच, ती माझी थोरली बहीण. मी झुडपात दबा धरून बसलो, तो नेमका खाजऱ्या वेलीत. तोंड असं सुजलं की पोत्यात मावेना. म्हणून तीन दिवस पोतं लॉरेटाने घातलं. कॅमेरा चालू असताना आतून आई खेकसली, “लॉरेटा, बूट! पुसणार कोण, मी?” आणि तू, हातात कोयता, डोक्यावर पोतं, मुकाट्याने पाय पुसलेस. चेटकडे दुसऱ्यांदा घ्यायला फिल्म नव्हती. आवाज मागाहून भरला, त्यात आईचा आवाज गेला.

त्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तुझ्या नातवंडांसमोर मी म्हणालो होतो, की सगळा खुनी मीच. तू काटा खाली ठेवलास, कोट चढवलास आणि गेलीस. एवढ्याशा गोष्टीवर एवढा राग, असं मी सहा वर्षं म्हणत राहिलो. एकतीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात काढली, ताई. पोरांना दाखवण्यासारखं माझ्याकडे ते एवढंच होतं, आणि तेही तुझं निघालं. चुकलो.

तेवढं पोतं मात्र पाठव. घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुझा,
वेंडेल

ता. क. कॅसिडीला वाटतं, बहीणबिहीण सगळी थाप आहे. ऑक्टोबरात पुन्हा मेळावा आहे. माझ्या शेजारची खुर्ची मी अडवून ठेवली आहे, साबणवालीशी भांडून.

आणखी ता. क. पोतं माझ्याकडेच आहे. कायम होतं. मेळाव्यात तेच घातलं होतं. तुझ्याकडे मागायला दुसरं काही सुचलं नाही. आईने तुला कसं दटावलं, तो आवाज ऐकलेली माणसं आता आपण दोघंच उरलो. मला तो नीटसा आठवेनासा झालाय. तू ये, आणि एकदा तसं ओरडून दाखव. पाय न पुसता आत आलीस तरी चालेल.