चांदीचा बगळा

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आजही शेजारी कुणी बसलं नाही. खुर्ची रिकामी होती, तर गटातली ती रगदा आली आणि हळूच उचलून पलीकडच्या टेबलाकडे घेऊन गेली. जाताना माझ्याकडे बघून मान झुकवली — जशी काही मी सुलताना! दीड वर्ष हे असंच चाललंय.

दर शुक्रवारी दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर, शातबी भागातल्या त्या माडीवरच्या कॉफीखान्यात वीस-बावीस जण जमतात. सगळे 'उत्तर बंदराचे पहारेकरी'चे वेडे. मालिका संपून तीन वर्षं झाली, यांचं बोलणं संपत नाही. मालिकेतल्यासारख्या करून घेतलेल्या अंगठ्या दाखवतात, बाजूबंद उलटसुलट करून बघतात, कुणाच्या मुकुटातला खडा मूळच्यापेक्षा फिका आहे म्हणून हमरीतुमरीवर येतात. मी गरम दुधाच्या सहलबचा कप घेऊन बसते. दोन तास. मग घरी.

मला काय बोलता येत नाही? दिवसाला साठ माणसांशी बोलते मी. "श्वास रोखा." "हलू नका." "सोडा."

कोपऱ्यातल्या हिश्मतकाकांशीही कुणी बोलत नाही. पूर्वी ट्राम चालवायचे म्हणे. जाड पुस्तक पुढ्यात ठेवून, ओठ शिवल्यासारखे बसतात. पण ते घमेंडखोर आहेत हे तोंडावरच लिहिलंय त्यांच्या. माझ्या तोंडावर काय लिहिलंय?

रविवार, १० नोव्हेंबर

आज एक्स-रेला एक नवरी आली होती, मनगट मोडलेली. दोन्ही हातांतलं सोनं काढायला वीस मिनिटं लागली! मी माझा गळ्यातला बगळाही काढून तिच्या ताटलीत ठेवला, तेवढीच तिला सोबत.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या इतिमादने बघितलं. तिच्या तोंडाला कुलूप कधी नसतंच. "माजिदा, सेहेचाळीस वर्षांची घोडी तू, आणि गळ्यात टीव्हीतला बगळा! तेवढ्या पैशांत खरं सोनं घे, अडीअडचणीला विकता तरी येईल."

"विकायला नाही घेत मी."

"मग कशाला घेतेस?"

मी मशीन सुरू करायला गेले, तिला खोलीबाहेर जावंच लागलं. आमच्या कामाचा हा एक फायदा.

शनिवार, १६ नोव्हेंबर

दरवर्षीचं मकनसाचं वादळ ठरल्या तारखेला आलं. वेळ पाळणारं माझ्या ओळखीत तेवढंच एक. कुवेतहून भाऊ काल फोन करणार होता.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

पेटी उघडून बसले. अकरा दागिने, सगळे मालिकेतले. इतिमाद याला पोरखेळ म्हणते, पण इथे प्रत्येक वस्तूला अर्थ आहे. सोन्याला काय अर्थ असतो? वजन असतं.

निळ्या काचेची अंगठी — परत येईन असा शब्द देऊन गेलेल्याची. भावाला द्यायला हवी, असं नेहमी मनात येतं. मोडक्या दात्याची किल्ली, ती घर सोडून आलेल्याची. दोरीच्या गाठीचा बाजूबंद बुडत्याला ओढून काढणाऱ्याचा. मी कुणालाच ओढून काढलेलं नाही, म्हणून तो घालत नाही. नुसता पुसून ठेवते. नियम म्हणजे नियम.

सगळे पितळी, घामाने हिरवे पडणारे. बगळा तेवढा अस्सल चांदीचा. आई गेल्यावर कपाटात तिचा एक तोडा सापडला. जोडीतला दुसरा मी लहान असतानाच हरवला होता. एकटा तोडा कुणाच्या पायात जाणार? सोनार उस्ता वहबाकडे नेला, फोनवर चित्र दाखवलं आणि म्हटलं, याचा हा बगळा ओता. उगाच पडून राहण्यापेक्षा बरं. मी काही रडूबाई नाही. चौथ्या दिवशी कामावर हजर होते.

बगळा पहाऱ्यावरच्याच्या गळ्यात असतो. म्हणजे दिवा जागा आहे, या, दार वाजवा. दीड वर्ष गळ्यात घालून बसलेय. वाजवा की!

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

आज शेवटचं जायचं असं ठरवूनच गेले होते. रव्याची गोड बसबूसा करून नेली, ताटभर, आईच्या पद्धतीने, प्रत्येक वडीवर एक बदाम. टेबलावर ठेवली. एकेक जण आला, वडी उचलली, छातीला हात लावला, मान लववली आणि गेला. कुणी "छान झालीय" म्हणेना, "कोरडी झालीय" म्हणेना!

माझा तोल गेला. "खरूज झालीय का मला? दीड वर्ष काय लांब पळताय?"

रगदा पांढरीफटक. "ताई… तुम्ही बोललात?"

"मग काय भुंकले?"

"तसं नाही हो… पण तुमचा बगळा—"

मग कळलं. पुस्तकाच्या चौथ्या भागात एक प्रकरण आहे, मालिकेत ते गाळलंय. मी पुस्तकं वाचलेली नाहीत, मालिकाच बघितली. पहारेकऱ्याच्या बगळ्याची चोच उजवीकडे असते, हृदयापासून लांब. ज्याचं माणूस गेलं, तो उलटा बगळा घालतो, चोच हृदयाकडे. त्याच्याशी आपणहून बोलायचं नाही, गर्दी करायची नाही. तो बोलेल तेव्हा बोलेल.

माझ्या बगळ्याची चोच हृदयाकडे.

"आम्ही मान राखत होतो, ताई," रगदाच्या डोळ्यांत पाणी. "नव्या पोरांना दारातच सांगून ठेवतो, त्या ताईंना आणि हिश्मतकाकांना त्रास द्यायचा नाही. कोण गेलं तुमचं, ते आम्ही कधी विचारलंसुद्धा नाही."

"कुणी मेलेलं नाही माझं! सोनाराने चुकवलंय!" ओरडलेच मी. ताट तिथेच टाकून निघाले. समुद्राच्या कडेकडेने घरापर्यंत चालत.

शनिवार, २३ नोव्हेंबर

दिवसभर स्वतःला शिव्या घालतेय. घेतला तेव्हा बगळा मी आरशात बघून जुळवला होता! पडद्यावर जसा दिसायचा तस्साच आरशात दिसला, आणि मी खूश. बावीस वर्षं प्रत्येक एक्स-रेवर उजव्या बाजूला शिशाचं अक्षर ठेवणारी बाई मी. डावं-उजवं चुकवलं म्हणून शिकाऊ पोरींना रडवलंय. हसावं की रडावं!

आणि खरं लिहायचं तर मीही आपणहून एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी यावं, एवढंच धरून बसले होते.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

भांडायचं म्हणूनच वहबाकडे गेले. म्हातारा भिंग लावून कर्णफुलाला टाका देत बसला होता.

"उस्ता, पक्षी उलटा ओतलात माझा."

"पक्ष्याला कसलं उलटं-सुलटं, डॉक्टरीणबाई? उडतो तो, जातो कुठेही."

"चित्र दाखवलं होतं मी!"

"चित्र कशाला बघू? साचा तयार होता माझ्याकडे. तुमच्या महिनाभर आधी एका ट्रामवाल्या बाबांनी करून घेतला होता. त्याच साच्यातून तुमचा काढला. तेवढे दोनच. तुम्ही घाईत होता ना!"

घाईत? होते. आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या आत तो तोडा घरातून जायला हवा होता मला. का, ते ठाऊक नाही.

म्हणजे हिश्मतकाकांचाही चुकलाच! ते बिचारे माझ्यासारखेच दीड वर्ष तोंड शिवून बसलेत, आणि मी त्यांना घमेंडखोर ठरवून मोकळी. आता सगळे त्यांचा मान राखताहेत आणि त्यांना पत्ताच नाही.

वहबा सुलटा बगळा करून देतो म्हणाला, गुरुवारपर्यंत. जुना वितळवायला मागत होता. दिला नाही. नवीन चांदी घ्या म्हटलं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

रगदाने ताट दवाखान्यात आणून दिलं. धुतलेलं, पण रिकामं नाही — खजुराची बिस्किटं भरून. आईसुद्धा कुणाचं ताट रिकामं परत करत नसे. इतिमादने तीन खाल्ली आणि विचारलं, "ही पोरगी कोण?"

"मैत्रीण," म्हणून टाकलं. बघू.

नवा बगळा आणला. बरोबर आहे. आरशात नाही, हातात धरून बघितला.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

गेले ती सरळ हिश्मतकाकांच्या टेबलाकडे. सगळ्या माडीने श्वास रोखला. म्हटलं, "काका, त्या वहबाने आपल्या दोघांचाही बगळा उलटा ओतलाय. चूक झालीय त्याची."

त्यांनी पुस्तक मिटलं. पानापानांतून रंगीत चिठ्ठ्या, लहान मुलीच्या अक्षरातल्या. "चूक नाही, पोरी. मीच सांगून तसा करून घेतला. नातीचं वेड होतं हे." मग माझ्या गळ्याकडे बघत राहिले. "तुझा बघून कितीदा वाटलं, विचारावं. नियम आडवा यायचा. तुझं कोण गेलं?"

कुणी नाही, असंच सांगायचं होतं.

"आई," म्हटलं. त्यांनी शेजारची खुर्ची ओढून दिली.

नवा बगळा पर्समधून काढलाच नाही.